टकळी

बाराला पाच कमी.
वाळवणीच्या कपाटात तेवीस हातमोजे,
त्यातला एक कुणाचाच नाही.
बाहेर उणे आठ, बर्फावर ऊन असं की डोळे आपोआप मिटावेत,
छपराखाली चार बाबागाड्या,
चार तान्ही, नाकाचे शेंडे तेवढे उघडे.
ओउलूत आम्ही मुलं अशीच निजवतो, उघड्यावर;
परदेशी पाहुणे दचकतात,
मुलं नाही दचकत.

आत मी पडदे ओढते.
पंचवीस वर्षं हेच: पडदे ओढणं,
पाठीवर हात ठेवणं,
आणि तो कधी उचलायचा ते ओळखणं.
एक श्वास आधी उचललात
तर सगळं पहिल्यापासून.

आज विद्यापीठातून हेल्का आली आहे,
तारांची टोपी, डिंकाची नळी,
आणि पिशवीत पाच लाकडी प्राणी
जे जगात कुठेच नसतात.
सकाळी तिनं त्यांचं बारसं केलं.
हा किवू. ही तोमेल. हा सारप. बाकीचे मीच विसरले.
ताइमीला दोन नावं आठवली, ओइवाला तीन.
ओइवानं शर्यत जिंकल्यासारखे हात वर केले.

ताइमी साडेतीन वर्षांची.
जागी आहे तोवर तिची टकळी बंद नाही:
बर्फाला भूक लागते का,
कुत्र्याला त्याचं नाव कुणी सांगितलं,
तुझ्या गालावर या रेघा कुणी काढल्या.
टोपी चढवतानाही बोलत होती,
बोलता बोलता एका शब्दाच्या मध्यावर थांबली;
अर्धा तोंडात, अर्धा उशीवर.

आणि यंत्राच्या काचेवर लाटा आल्या,
संथ, लांबच लांब,
मग मध्येच एक बारीक थरथर,
पोटात फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती.
हेल्का कुजबुजली, "हिला चाती म्हणतात."
चाती. सूत कातायची.
म्हणजे ओठांवरची टकळी थांबली
ती कपाळामागे जाऊन फिरू लागली होती;
सकाळची सगळी पिंजलेली लोकर,
किवू, सारप, सांडलेलं दूध, माझ्या रेघा,
कोण जाणे कशाचा धागा निघत होता.

ओइवा झोपला नाही.
त्याच्या घरी नवं बाळ आहे आणि भिंती पातळ;
रात्रीची झोप तिथे वाटून घ्यावी लागते.
त्यानं गप्प पडून राहायचं कबूल केलं होतं.
शब्द पाळला. छताकडे बघत.

दोनला पडदे उघडले.
ताइमीनं चार नावं सांगितली, जांभई देत, सहज.
मग हेल्कानं सहावा प्राणी काढला, बिननावाचा,
निळा, पण मान तोमेलसारखीच लांब.
"ही तोमेलची मावशी," ताइमी म्हणाली.
हेल्काच्या कागदावर मावशीसाठी रकाना नव्हता.
तिनं समासात लिहिलं.

ओइवाला आता दोनच येत होती.
तिसरं त्यानं खूप शोधलं, गालिच्याखालीसुद्धा.
हनुवटी थरथरली, मग म्हणाला,
"तू हात काढलास ना,
तेव्हा ताइमीनं डोळे उघडले होते.
मग परत मिटले.
तू बघितलंच नाहीस."

पंचवीस वर्षं.

एका दुपारवरून काही म्हणता येत नाही,
हेल्का बॅग भरताना म्हणाली,
शंभर मुलं हवीत, दोन हिवाळे हवेत.
मला ते पटलं. मी फरशी पुसली.

साडेतीनला ओइवाची आई आली, पोटाशी बाळ बांधलेलं.
तो बुटांच्या बाकावर आडवा,
एक बूट पायात, एक हातात, गाढ.
तिनं बसची वेळ बघितली.
मी म्हटलं, दहा मिनिटं. आत काहीतरी फिरतंय.
कशाबद्दल, तिनं विचारलं नाही,
बाकाच्या टोकाला टेकली,
आणि तिचीही मान हळूच कलली.

पुढची बस चारला.
माझा एक हात ओइवाच्या पाठीवर,
दुसरा तिच्या खांद्यावर कधी गेला कळलं नाही.
या वेळी मी बघत राहिले.